बायोत सोलापूर लिहा

सोलापुरी चादर. सोलापुरी शेंगाचटणी. मंगळवेढ्याची ज्वारी. आपल्या जिल्ह्याचा माल गावाचं नाव सांगूनच विकला जातो. चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि सोलापूरच्या डाळिंबालाही ते मिळालं. दुसरीकडे विणलेली चादरसुद्धा ‘सोलापुरी’ म्हणून खपवली जाते, एवढी या नावाला बाजारात पत आहे. आणि आपलीच पोरं इन्स्टाग्रामवर खातं उघडतात तेव्हा सगळ्यात आधी सोलापूर गाळतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सोलापूर, बार्शी, अकलूजकडच्या नव्या क्रिएटरांची बरीच प्रोफाइल मी नुकतीच निवांत वाचली. रील चांगली असतात. कुणी कडक भाकरी करून दाखवतं, कुणी यंत्रमागावर उभं राहून बोलतं. बायोत मात्र ‘आई-बाबांचा लाडका’, वाढदिवसाची तारीख, मुकुटाचं चित्र आणि वर ‘डिजिटल क्रिएटर’. अनोळखी माणूस रील आवडलं म्हणून प्रोफाइलवर येतो. या खात्यावर उद्या काय बघायला मिळेल, हे त्याला तिथं कळत नाही. तो निघून जातो.

सुरुवात नावाच्या ओळीपासून करा. इन्स्टाग्रामवर युजरनेम वेगळं, नाव वेगळं, आणि शोधताना दोन्ही उपयोगी पडतात. युजरनेम रोमन लिपीतच घ्यावं लागतं, नाव देवनागरीत लिहिता येतं. म्हणजे गावाचं नाव एकीकडे रोमनमध्ये आणि दुसरीकडे मराठीत ठेवलं की कोणत्याही लिपीत शोधणाऱ्याला तुम्ही सापडता. नुसतं स्वतःचं नाव लिहिलंत तर त्याच नावाच्या असंख्य खात्यांत हरवाल. त्यापुढे ‘सोलापुरी जेवण’ किंवा ‘यंत्रमाग, सोलापूर’ असं काही जोडा. हे नाव १४ दिवसांत दोनदाच बदलता येतं, तेव्हा आधी कागदावर लिहून बघा.

बायोला १५० अक्षरांची मर्यादा आहे. काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, म्हणून मराठीत जागा पुरत नाही, अशी तक्रार मुलं करतात. युनिकोडच्या हिशेबात ‘सोलापूर’ सात खुणांचं आहे आणि रोमनमध्येही त्याला सात अक्षरंच लागतात. जागा खातात ती चित्रं. नक्षीदार इंग्रजी अक्षरं तर टाळाच. ती युनिकोडमध्ये वेगळीच चिन्हं असतात. दृष्टिहीनांना मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिथं अडखळतं.

बोलण्याबद्दल मात्र मला जास्त सांगायचं आहे. आपलं शहर मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच चौकात बोलतं. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी २०२० च्या ग्लोबल टीचर पुरस्कारामुळे जगाला माहीत झाले. पाठ्यपुस्तकांतल्या त्यांच्या क्यूआर कोडचं कौतुक सगळ्यांनी केलं. पण मुलांच्या घरी कन्नड बोलतात हे ओळखून ते आधी कन्नड शिकले, हे मला त्याहून मोठं वाटतं. आपली मुलं मात्र कॅमेरा सुरू झाला की पुण्याचं मराठी बोलू लागतात. ‘काय बे’ तोंडातून जातं, आणि त्याबरोबर हिंजवडीत नोकरी करणारा सोलापूरकरही जातो. तोच तर तुमचं रील गावाकडच्या दहा दोस्तांना पाठवणार होता.

हे पाठवणं फार महत्त्वाचं आहे. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं की क्रमवारीत तीन गोष्टी सर्वांत मोलाच्या ठरतात: व्हिडिओ किती वेळ पाहिला गेला, पोहोचलेल्यांपैकी किती जणांनी लाइक केला आणि किती जणांनी पुढे पाठवला. नव्या लोकांपर्यंत पोहोचायचं तर पाठवण्याला जास्त वजन. मग पैसे मोजून घेतलेले फॉलोअर काय कामाचे? ते बघत नाहीत, पाठवत नाहीत, आणि जाहिरात देणारा दुकानदार त्या आकड्यावर विसंबला तर त्याचीही फसवणूक होते. हा मार्ग कुणीही धरू नये.

नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांचं यूट्यूब चॅनल बघा. नाव ‘आपली आजी’. कोण बोलतंय आणि आपल्याशी काय नातं सांगतंय, हे दोन शब्दांत कळतं. नातवानं कॅमेरा धरला, आजी आपल्या बोलीत स्वयंपाक सांगत राहिल्या. २०२० मध्ये ते चॅनल हॅकही झालं होतं, पुढे परत मिळालं. म्हणून दुहेरी पडताळणी आजच सुरू करा.

त्याच वर्षी २९ जूनला सरकारनं टिकटॉकवर बंदी घातली आणि खेड्यापाड्यांतल्या कित्येक मुलांनी जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. सगळं एकाच ॲपवर ठेवू नका. बायोत आता पाच लिंक देता येतात. त्यात यूट्यूब घाला, धंदा असेल तर व्हॉट्सॲप बिझनेस घाला. मुलींनी घरचा नंबर देऊ नये, धंद्यासाठी वेगळं सिम घ्यावं.

थंडीत हुरडा सुरू होईल, संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची यात्रा आणि गड्डा भरेल. बाहेरगावचे लोक तेव्हा फोनवर सोलापूर शोधतील. त्याआधी नावाची ओळ बदला, आणि तुमचं काम नेमकं दाखवणारी तीन रील प्रोफाइलवर सगळ्यात वर पिन करून ठेवा.