हाडाचा भाव

बोत्स्वानाचे हत्ती अजून बर्लिनला पोहोचलेले नाहीत. आफ्रिकेत मारलेल्या जनावरांची मुंडकी घरी आणण्यावर जर्मनी कडक निर्बंध घालू पाहते म्हणून २०२४च्या एप्रिलमध्ये अध्यक्ष मासिसी २०,००० हत्ती धाडायला निघाले होते. लंडनच्या हाइड पार्कासाठी १०,००० त्याआधीच मुक्रर झाले होते. पुढे मासिसी निवडणूक हरले आणि विषय थंडावला. युरोपचा कळवळा मात्र ताजा आहे. तो घरच्या रानात कसा वागतो हे पाहायचं असेल, तर परदेशी पाहुण्यांसाठी निघणारी हंगेरीतली शिकारीची दरपत्रकं वाचावीत. निखळ करमणूक आहे.

तिथे लाल हरणाच्या नराची किंमत शिंगांच्या वजनावर ठरते. हरीण पडलं की मुंडकं उकळायचं, मांस सोडवायचं, कवटी कापायची, शिंगं वाळू द्यायची आणि मग वजनाला लावायची. जितके किलो जास्त, तितका दर चढा. लहानखुऱ्या रो हरणाचा हिशोब तर ग्रॅमवर. नाकाच्या हाडासकट अख्खी कवटी भिंतीवर हवी असेल, तर जादा हाडाची वजावट वेगळी. मटणाच्या दुकानात हाड जास्त आलं म्हणून आपण भांडतो. इथे गिऱ्हाईक हाडाचेच पैसे मोजतं आणि मटण मागे ठेवून जातं. ते शिकारक्षेत्र चालवणाऱ्यांचं.

बिचाऱ्याची खरी पंचाईत पुढेच आहे. पैसे देताना शिंगं हलकी भरावीत असं वाटतं आणि पदकासाठी तीच जड हवीत, कारण ‘सीआयसी’ या आंतरराष्ट्रीय शिकार परिषदेच्या गुणपत्रिकेत वजनाचे किलो दुप्पट करून धरतात. लांबी, घेर, फाटे हे तर आहेच. शिवाय सौंदर्याचे गुण. रंगाला दोनपर्यंत, खडबडीतपणाला दोनपर्यंत, टोकांना दोनपर्यंत, माथ्यावरच्या मुकुटाला दहापर्यंत. बेरीज १७० झाली की कांस्य, १९० ला रौप्य, २१० ला सुवर्ण. शिंगं वाढवली हरणाने, पैसे मोजले पाहुण्याने, पदक नेमकं कोणाचं हे विचारायचं नसतं. दाखल्यावर सही करायला हरीण अर्थातच हजर नसतं.

जर्मनीत सगळं अधिक गंभीर. मेलेल्या नराच्या तोंडात डहाळी, शेवटचा घास म्हणून. दुसरी डहाळी शिकाऱ्याच्या टोपीत. वर शिंग फुंकून मानवंदना. तिथल्या माणसाला परवाना हवा तर परीक्षा द्यावी लागते आणि ती ‘हिरवी बारावी’ म्हणून ओळखली जाते. परदेशी पाहुण्याला मात्र या परीक्षेतून सूट देण्याची सोय कायद्यातच आहे. चौदा दिवसांचा परवाना काढा, विमा दाखवा, बंदूक उचला. आणि नुसती हरणं बघायला निघालेल्या पुणेकराला? बँकेची स्टेटमेंटं, परतीचं तिकीट, हॉटेलांची बुकिंगं, ३०,००० युरोंचा आरोग्यविमा आणि इतकं करूनही शेंगेन व्हिसा मिळेलच असं नाही. शेंगेनचं हे दुखणं आम्ही मांडत राहणार. वाचक कंटाळले तरी.

शिकार नकोच, असं आमचं म्हणणं नाही. युरोपात लांडगे आणि अस्वलं माणसानेच संपवत आणली, हरणं फोफावली, ती कोवळी रोपं ओरबाडतात. कोणीतरी ती मारायला हवीतच. पण कळप आटोक्यात येतो तो माद्या मारल्याने, आणि माद्यांना शिंगं नसतात. शिंगं नाहीत म्हणून पदक नाही, आणि पदक नाही म्हणून साता समुद्रांपलीकडचं गिऱ्हाईक नाही. निसर्गसेवेचा हा उमाळा फक्त नरांना पाहूनच यावा, हा योगायोग म्हणायचा.

ब्रिटन या बाबतीत जुनं आणि तयारीचं. १९६१ मध्ये प्रिन्स फिलिप यांनी रणथंबोरला वाघ मारला आणि त्याच वर्षी ते जागतिक वन्यजीव निधीच्या ब्रिटिश शाखेचे अध्यक्ष झाले. अलीकडचंच पाहा. परदेशातून शिकारीची मुंडकी आणण्यावर बंदी घालणारं विधेयक मार्च २०२३ मध्ये तिथल्या कॉमन्स सभेने मंजूर केलं. ते लॉर्ड्समध्ये अडकलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात स्कॉटलंडने नर हरणांच्या शिकारीचा बंद हंगाम रद्द केला. ते विधेयक फक्त आयातीपुरतं होतं. स्कॉटलंडमधून बाहेर जाणाऱ्या शिंगांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.