कपाशीच्या फुलाला नक्षीत जागा हवी

नक्षीतल्या फुलांविषयी आपल्याकडे दोन मतं फार ठामपणे मांडली जातात. दोन्ही मतं मला मान्य नाहीत. बोदवडसारख्या कापसाच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला तर ती मुळीच मान्य होऊ नयेत.

पहिलं मत असं, की नक्षीतलं फूल म्हणजे नुसती शोभा. पैठणीच्या पदरावरची आसावलीची वेल, दारातल्या रांगोळीतलं कमळ, लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यातला गुलाब यांचा झाडावरच्या फुलाशी काही संबंध नाही. खरं फूल बघायचं तर वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथातलं चित्र बघावं. दुसरं मत याच्या उलट्या टोकाचं. त्यानुसार प्रत्येक फुलाचा अर्थ कायमचा ठरलेला आहे. कमळ म्हणजे पावित्र्य, गुलाब म्हणजे प्रेम. चित्रकारानं कोष्टक उघडावं, प्रसंग बघावा आणि फूल निवडावं.

दुसऱ्या मताचा समाचार आधी घेतो, कारण ते लवकर निकालात निघतं. फुलांच्या अर्थांची अशी कोष्टकं एकोणिसाव्या शतकात युरोपात लोकप्रिय झाली. शार्लोत द लातूर या टोपणनावानं लिहिलेलं त्यातलं सर्वांत गाजलेलं पुस्तक पॅरिसमध्ये १८१९ साली निघालं. त्याच साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात अजिंठ्याच्या लेण्यांपाशी पोहोचला होता, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. आता आपल्याच दारातला झेंडू घ्या. दसऱ्याला झेंडूच्या तोरणाशिवाय खानदेशात दार सजत नाही, यंत्राला, मोटरसायकलला, बैलगाडीला हार झेंडूचाच. हे फूल मूळचं मेक्सिकोकडचं. तिकडे ते मृतांच्या सणाला कबरींवर पसरतात, गेलेल्यांना घरची वाट सापडावी म्हणून. फूल तेच, एकीकडे विजयाचं, एकीकडे पितरांचं. मग झेंडूचा ‘ठरलेला’ अर्थ कोणता? तुळशीवाचून विष्णूचा नैवेद्य होत नाही, आणि गणपतीला तीच तुळस चालत नाही. केवडा शंकराला एरवी वर्ज्य, पण हरतालिका आली की बाजारात त्याचाच भाव चढतो. माणसं फुलाला कशी वापरतात, कधी वापरतात, त्यावरून अर्थ येतो आणि वापर बदलला की तो बदलतो. कोष्टकात तो कोंडता येत नाही.

पहिलं मत अधिक हट्टी आहे, कारण त्याला शिकल्यासवरल्या लोकांचा पाठिंबा आहे. नक्षीकार डोळे मिटून काम करतो, निरीक्षण फक्त शास्त्रज्ञ करतो, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. भारहुत आणि सांचीच्या दगडी कठड्यांवरची कमळांची चक्रं नीट पाहा. पाकळ्यांच्या वेढ्यांच्या मधोमध एक तबकडी असते आणि तिच्यावर ठिपके कोरलेले असतात. कमळाच्या पाकळ्या गळाल्यावर जो बीजकोश उरतो त्याचा वरचा भाग सपाट असतो आणि त्यात बिया खोचलेल्या दिसतात. ते ठिपके म्हणजे त्या बिया. तळ्यात उतरून कमळ हातात घेतल्याशिवाय हे कोणाला सुचणार नाही. आपल्याला जामनेर-पहूरवरून फर्दापूर गाठलं की अजिंठा जवळच. पहिल्या आणि दुसऱ्या लेण्यांच्या छतांवर चौकटीचौकटींत कमळं, फळं, वेली, पक्षी रंगवले आहेत. कळी, अर्धं उमललेलं फूल, पूर्ण उमललेलं फूल अशा कमळाच्या अवस्था तिथे दिसतात. पाचव्या शतकातल्या त्या रंगाऱ्यांनी शोभा केली हे खरंच, पण ती पाहून केली. म्हणूनच खाली पद्मपाणीच्या हातातलं कमळ आपल्याला करुणेचं वाटतं. ज्या फुलाचं उमलणं छतभर पाहिलं, तेच त्या हातात आलेलं असतं.

पैठणीचंही तसंच. विणकराच्या फुलाला गोलाई नसते, पायऱ्या असतात, कारण ताणा उभा आणि बाणा आडवा. प्रत्येक रंगाचा बाणा वेगळा फिरवून शेजारच्या रंगात अडकवत न्यावा लागतो. तिथे पाकळीचा बाक धाग्यांच्या हिशेबात बसवावा लागतो. काय ठेवायचं आणि काय सोडायचं याचा निर्णय फूल ओळखणाऱ्यालाच घेता येतो.

आणि वनस्पतिशास्त्राचं चित्र तरी हुबेहूब कुठे असतं? एकाच पानावर कळी, फूल, फळ, बी आणि आडवा छेद दाखवतात. आपल्या सातपुड्यातला पळस फाल्गुनात निष्पर्ण फांद्यांवर पेटतो, पानं मागाहून येतात, शेंगा त्याहून मागाहून. शास्त्रीय चित्रात मात्र फूल, पान आणि शेंग एकत्र बसवलेली असतात. झाडावर असा क्षण सहसा सापडत नाही. कीड लागलेलं पान चित्रकार गाळतो, वाकडी फांदी सरळ करतो, शंभर फुलांतून एक ‘नमुना’ घडवतो. हीसुद्धा निवडच आहे आणि तिच्यामागे हेतू आहे. दोन्ही कला एकाच कामाला लागलेल्या आहेत, एक ओळख पटवायला आणि दुसरी अर्थ जपायला. त्यांच्यात उच्चनीच लावणाऱ्यांना मी विचारतो, दापोडीच्या चित्रांना तुम्ही कुठे ठेवाल? पुण्याजवळच्या दापोडीच्या बागेत अलेक्झांडर गिब्सननं १८४७ ते १८५० या काळात सुमारे १७० वनस्पतिचित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. काढणारा पोर्तुगीज-भारतीय चित्रकार होता, पण त्याचं नाव कुठे नोंदलेलं नाही. अजिंठ्याच्या रंगाऱ्याचंही नाव नाही. शास्त्र आणि शोभा यांच्यात भेद करणारे दोघांचे हात मात्र सारखेच विसरले.

आता माझं मंडन. माझं म्हणणं इतकंच, की फुलाचं प्रतीक ओळखीतून जन्मतं. ज्या फुलाशी माणसांचा रोजचा व्यवहार आहे त्याला अर्थ आधीच आलेला असतो. नक्षीकाराला तो उचलायचा असतो. बोदवड, मुक्ताईनगर, जामनेर, भुसावळ हा पट्टा कपाशीवर जगतो. गुलाबाईचा महिना सुरू होतो तेव्हा शिवारात कपाशी पात्या-फुलांवर असते. पण त्या महिन्यातल्या रांगोळ्यांत, शाळांच्या भिंतींवर, मांडवाच्या कमानींवर बघा: गुलाब, कमळ, ट्यूलिपसुद्धा. कपाशीचं फूल शोधूनही सापडत नाही.

हे फूल एकदा जवळून पाहा. खाली दातेरी काठाच्या तीन हिरव्या पाकोळ्या, त्यांच्यातून वर आलेल्या पाच पाकळ्या, प्रत्येकीची एक कड शेजारणीवर चढलेली, सगळ्या एकाच दिशेला वळलेल्या. मधे पुंकेसरांची नळी, जास्वंदासारखीच, कारण कपाशी, भेंडी आणि जास्वंद एकाच कुळातल्या. देशी कपाशीचं फूल पिवळं आणि तळाशी गडद तांबडं. आज सर्वत्र पेरल्या जाणाऱ्या अमेरिकन कपाशीचं सकाळी दुधट पिवळं उमलतं, संध्याकाळकडे गुलाबी छटा धरतं, दुसऱ्या दिवशी लालसर होऊन मिटतं. मग ते वाळून गळतं आणि मागे बोंड उरतं. एका झाडावर एकाच वेळी कालचं लाल आणि आजचं पिवळं फूल दिसतं. नक्षीकाराला याहून अधिक काय हवं?

आणि अर्थ? तो शेतकऱ्याला विचारा. गुलाबी बोंडअळी फुलात शिरली की पाकळ्या रेशमी धाग्यांनी आतून गुंफून टाकते. फूल उमलत नाही, अर्धमिटल्या गुलाबासारखं दिसतं. त्याला आपण डोमकळी म्हणतो. फूल म्हणजे नुसती शोभा मानणाऱ्याला डोमकळी देखणी वाटेल. कोष्टकवाला तिला गुलाबाच्या शेजारी नेऊन बसवेल. ज्याच्या शेतात ती दिसली तो ती तोडून आतल्या अळीसकट नष्ट करतो आणि पुढच्या वेचणीच्या काळजीत पडतो. उमललेलं फूल म्हणजे बोंडाची आशा आणि मिटलेली डोमकळी म्हणजे धोका, हे प्रतीक कोणत्याही पुस्तकातून आलेलं नाही. ते या मातीत रोज वाचलं जातं.

यावर दोन आक्षेप येतात. एक, कपाशीचं फूल देवाला वाहत नाहीत, मग त्याला मंगल मानायचं कसं? अहो, तिचा कापूस देवाच्या गळ्यात वस्त्रमाळ होऊन बसतो आणि समईत वात होऊन जळतो. शिरसाळ्याच्या मारुतीला रानातल्या रुईच्या पानांची माळ चालते, विषारी धोतरा महादेवाला चालतो. मग आपलं पोट भरणारं फूल रांगोळीत अमंगळ कसं ठरेल? दुसरा आक्षेप अधिक वेदनेचा आहे. कपाशी म्हटलं की कर्ज आठवतं, पडलेला भाव आठवतो, शुभप्रसंगी ती आठवण कशाला? ही वेदना मी नाकारत नाही. पण जी गोष्ट आपल्याला रडवते आणि जगवते तिचीच खूण माणसं कलेत ठेवतात. दुसऱ्याच्या बागेतला गुलाब काढून आपलं दुःख कमी झालेलं नाही. आपल्या शिवाराची ओळख मात्र पुसट झाली आहे.

नोंद न ठेवण्याची किंमत खानदेशाला ठाऊक असायला हवी. १८४४ पासून अजिंठ्याच्या नकला करणारा मेजर रॉबर्ट गिल भुसावळात पुरला आहे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावलेली त्याची चित्रं १८६६ च्या आगीत गेली. त्यानंतर जॉन ग्रिफिथ्सनं जे.जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ पर्यंत पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही अनेक लंडनच्याच दुसऱ्या आगीत खराब झाल्या. तरी जे वाचलं आणि छापलं गेलं, त्यावरून मूळ लेण्यातला आज पुसला गेलेला भाग समजतो. देशी कपाशीची फुलंही आपल्या शिवारातून मागे पडली आहेत. त्यांचं चित्र कोणी काढून ठेवलं आहे का?

म्हणून बोदवड तालुक्यातल्या चित्रकला शिक्षकांना माझी विनंती आहे. येत्या भाद्रपदात कपाशीची एक फुललेली फांदी वर्गात आणा. मुलांना आधी ती शास्त्रीय पद्धतीनं काढायला लावा, पाती, फूल, बोंड आणि डोमकळीसुद्धा. मग त्याच फुलाची किनार करून रांगोळीत, पत्रिकेवर, शाळेच्या भिंतीवर उतरवू द्या. रांगोळी स्पर्धांच्या परीक्षकांनी कपाशीच्या फुलासाठी एक स्वतंत्र बक्षीस ठेवावं. आणि ज्यांच्या बांधावर देशी कपाशीची चार झाडं अजून उरली असतील त्यांनी या हंगामात ती उपटू नयेत, मुलांना दाखवावीत.