पायाळूची लाथ आणि आपला हात

मुरुम गावात कुणाला उसण भरली की दवाखान्याच्या आधी पायाळू माणसाची आठवण निघते. पायाकडून जन्मलेल्यानं पाठीत हळूच लाथ मारली की उसण उतरते, हा समज महाराष्ट्रात जुना आहे आणि आमच्या भागात तो अजून मोडलेला नाही. आपण फिजिओथेरपिस्ट त्यावर हसतो. मीही बरीच वर्षं हसलो. पण लाथ खाऊन आलेला माणूस ‘उतरलं की हो’ म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. उसण बहुतेकदा दोन-चार दिवसांत आपोआप उतरते, हा त्यातला मोठा भाग झाला. उरलेल्या भागाबद्दल मात्र आपण जरा जपून हसावं, कारण तो आपल्या टेबलावरही रोज घडतो.

आपण मणका मोबिलाइज करतो, ‘कट्’ असा आवाज येतो, पेशंट उठून म्हणतो, मोकळं वाटतंय. आपण सांगतो, मणका जागेवर बसला. तो कुठेच गेलेला नव्हता, तर बसला कुठून? २००३ साली ऑस्ट्रेलियात कंबरदुखीच्या रुग्णांवर एक साधी तुलना झाली: काहींना थेरपिस्टनं तपासून निवडलेलं मोबिलायझेशन दिलं, काहींना चिठ्ठी टाकावी तसं निवडलेलं. आराम दोघांनाही सारखाच पडला. आपल्या बोटांच्या कौशल्याचा ज्यांना अभिमान आहे त्यांनी हा निकाल एकदा शांतपणे पचवावा. त्याच वर्षी स्लुका यांच्या प्रयोगशाळेतून उंदरांवरचा प्रयोग आला. दुखरा केला होता घोटा, हलवला गुडघा, आणि घोट्याची अतिसंवेदना कमी झाली. पाठीच्या कण्यातले सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रिनॅलिनचे रिसेप्टर औषधानं बंद केल्यावर हा आराम नाहीसा झाला. ओपिऑइडचे बंद केले तरी तो टिकला. म्हणजे हात एका सांध्यावर होता आणि काम चाललं होतं मेंदूच्या बुंध्यातून खाली उतरणाऱ्या, वेदना दाबणाऱ्या वाटांवर.

मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली ‘गेट’ची कल्पना मांडली, ती आपण पहिल्या वर्षाला पाठ केली आणि टेन्सच्या मशीनपुरती ठेवली. त्या गेटला वरूनही कडी आहे, हे त्या लेखातच होतं. पुढं १९७८ मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दाढ काढलेल्या रुग्णांत दाखवलं की प्लासिबोनं मिळणारा आराम नॅलोक्सोननं पुसता येतो. नुसत्या अपेक्षेनं शरीर स्वतःचं अफूसारखं रसायन सोडतं. बेनेदेत्ती यांनी १९९० च्या दशकात उलटी बाजूही दाखवली: ‘आता दुखेल’ असं सांगितलं की जास्त दुखतं, आणि त्यातही एक रसायन आहे, कोलेसिस्टोकायनिन. त्यालाच नोसिबो म्हणतात. पायाळूची लाथ प्लासिबो असेल, तर आपल्या तोंडची काही वाक्यं चांगली जोरदार नोसिबो आहेत.

ती कोणती, हे पाहायला गळिताचा हंगाम पुरेसा आहे. मुरुमला विठ्ठलसाई कारखाना आहे, आजूबाजूच्या शिवारात टोळ्या असतात. ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढवायची. मागच्या हंगामात एक चाळिशीचा तोडकरी आला. हातात एमआरआयची पिशवी, कमरेला पट्टा. म्हणाला, ‘गादी सरकलीय म्हणलेत. वाकू नको म्हणलेत.’ वाकल्याशिवाय ऊस तुटत नाही, आणि खाडा केला तर पैसे कापतात. मग तो कंबर काठीसारखी ताठ धरून, श्वास रोखून वाकत होता. दिवसाला शेकडो वेळा.

त्याची फिल्म मी पाहिली. एल फोर-फाइव्हला फुगवटा होता. चाळिशीतल्या, अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या फिल्म काढल्या तर निम्म्यांत फुगवटा दिसतो. विशीतल्या ३७ टक्के बिनदुखण्याच्या माणसांत डिस्कची झीज दिसते, पन्नाशीत ८० टक्के. हे आकडे २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यातले आहेत आणि प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लावण्यासारखे आहेत. त्याच्या पायात बधिरपणा नव्हता, ताकद पूर्ण होती, लघवी-संडासची तक्रार नव्हती. रात्री न थांबणारं दुखणं, ताप, वजन घटणं यांतलं काहीच नव्हतं. हे विचारल्याशिवाय मेंदूची भाषा सुरू करायची नाही. आपल्याकडे मणक्याचा क्षय अजून आहे, आणि त्याला समुपदेशनानं उतार पडत नाही.

दीर्घ दुखण्यात मेंदू बदलतो, हे आता नवीन नाही. फ्लोर यांनी १९९७ मध्ये जुन्या पाठदुखीच्या रुग्णांत स्पर्शाच्या कॉर्टेक्समधली पाठीची जागा सरकलेली आणि फैलावलेली पाहिली. गादी सरकली नाही, मेंदूतला नकाशा सरकला! त्या तोडकऱ्याला पाठीवर दोन बोटं टेकवून ‘एक की दोन’ विचारलं, तर दुखऱ्या बाजूला त्याला धड सांगता येईना. स्वतःलाच नवल वाटलं त्याला. मोझली यांनी सीआरपीएसच्या रुग्णांत असं स्पर्श ओळखायचं शिक्षण दिल्यावर दुखणं उतरल्याचं दाखवलं आहे. हे करायला मशीन लागत नाही. पेनाचं टोपण आणि बाटलीचं बूच पुरतं.

मशीनचं बोललंच पाहिजे, कारण आपल्यातल्या कित्येकांचं भाडं आयएफटी आणि ट्रॅक्शनवर निघतं. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शन दिलं. त्यात व्यायाम, रुग्णाला समजावणं, हातानं केलेले काही उपचार यांना जागा आहे. ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, टेन्स आणि कमरेचा पट्टा नेहमीचा उपाय म्हणून नकोत, असं ते सांगतं. मशीन विकून टाका असं मी म्हणत नाही. पण पंधरा मिनिटं पॅड लावून आपण शेजारच्या खोलीत जातो, त्या पंधरा मिनिटांत पेशंट एकटा बसून एमआरआयचा रिपोर्ट वाचत असतो.

दुसरी चूक शहरातल्या तरुण मित्रांकडून होते. वेदनाविज्ञानाचा एखादा कोर्स केला की ते पेशंटला सांगतात, दुखणं मेंदूत आहे. मुरुमच्या माणसाला याचा एकच अर्थ कळतो: हा मला सोंग करतोय म्हणतोय. मराठीत दुखण्याला ठणका, कळ, चमक, सणक, रग, ओढ, ठसठस, मुंग्या इतके शब्द आहेत. पेशंट त्यातला एक निवडून वापरतो, तो आधी ऐकावा. आणि त्याच्या डोक्यावरची मोळी कॉर्टेक्समध्ये नसते. ओझं खरं, थकवा खरा, उचल घेतलेली खरी. मेंदू हे सगळं मोजूनच धोक्याची घंटा किती जोरात वाजवायची ते ठरवतो.

त्या तोडकऱ्याला मी हातानं मोबिलायझेशन दिलं. पण ‘बसवला’ म्हणालो नाही. म्हणालो, पाठ धडधाकट आहे, घाबरून आवळली आहे. आता थोडा वेळ दुखणं कमी राहील, तेवढ्यात वाकून बघू. तिथेच वाकलो आम्ही दोघं, श्वास सोडत, आधी गुडघ्यापर्यंत, मग नडगीपर्यंत. पट्टा त्यानं चौथ्या दिवशी पिशवीत घातला. दुखणं संपलं नाही. हंगाम संपेपर्यंत संपणारही नव्हतं. कमी झालं, आणि तो श्वास रोखेनासा झाला.

या अंकापासून एक सदर सुरू करतो आहोत. दिवसभरात आपण पेशंटला त्याच्या शरीराबद्दल जी वाक्यं सांगतो, ती जशीच्या तशी लिहून पाठवा, नाव न देता छापू. पहिलं वाक्य माझं. प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा गुडघे दुखतात म्हणून आलेल्या एका मावशींना मी म्हणालो होतो, ‘वंगण संपलंय, आता मांडी घालून बसायचं नाही.’ परवा त्या आठवडी बाजारात भेटल्या. भाजीवाल्याशेजारी उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘तुम्ही म्हणला व्हता ना, तवापासून पंगतीला जमिनीवर बसले नाही बघा.’