पडद्यावरचे यंत्रसैनिक आणि दिघीचा 'दक्ष'
अली अब्बास जफर यांचा 'बडे मियां छोटे मियां' २०२४च्या ईदला झळकला आणि सपशेल आपटला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जोरावर प्रतिरूप सैनिक घडविणारा शास्त्रज्ञच त्यात देशाचा वैरी! हॉलिवूडच्या उसनवारीवर जगणाऱ्या या कल्पनाशक्तीला विज्ञान नको, सैन्यही नको. हवेत केवळ स्फोट. पुण्याजवळ दिघीला 'डीआरडीओ'च्या प्रयोगशाळेत मात्र स्फोटके निकामी करणारे 'दक्ष' हे दूरनियंत्रित यंत्र जन्मले. २०११मध्ये त्याची पहिली तुकडी लष्कराच्या हाती पडली. जवानाऐवजी मृत्यूला सामोरे जाणारे हे यंत्र आणि त्याचे अबोल निर्माते मुंबईच्या चित्रसृष्टीला दिसत नाहीत, की दिसूनही नकोसे वाटतात? प्रेक्षकांनी आपला निकाल दिला आहे. निर्मात्यांनी आता तरी दिघीची वाट धरावी.