सोसण्याची दीडशे वर्षं

1857 नंतर उत्तरेतले मोमीन विणकर पोटापाण्यासाठी दक्षिणेला निघाले. त्यांतले काही मालेगावात स्थिरावले, काही भिवंडीत. 1930 च्या दशकात भिवंडीत यंत्रमाग आले आणि 1982 च्या गिरणी संपानंतर मुंबईचं विणकाम मोठ्या प्रमाणावर इकडे सरकलं. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून येणाऱ्यांची रीघ अजून थांबलेली नाही.

इथल्या यंत्रमाग मजुराच्या तब्येतीचा विषय निघाला की क्षय आणि छातीत जाणारं कापसाचं तूस एवढ्यावरच बोलणं संपतं. ताणाला कुणी आजारात धरत नाही. बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर. अंगात ताप असला तरी साचा, म्हणजे माग, बंद ठेवणं परवडत नाही. दिवसपाळीवाला उठला की त्याच चटईवर रात्रपाळीवाला पडतो. मुलुखातून फोन आला की ‘सब ठीक है’ म्हणायचं आणि तंबाखूची चिमूट दाढेत धरायची. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी 1984 साली ताणाला तोंड देण्याच्या दोन तऱ्हा मांडल्या: अडचणीच्या मुळाला हात घालणं, किंवा मनाची समजूत काढणं. दर, पाळी, खोली यांतलं काहीच हातात नसलेल्या माणसाला दुसरीच तऱ्हा उरते. अपुरी झोप आणि रोजची धास्ती मग रक्तदाबावर जाते. अशा माणसाला निष्काळजी म्हणणं हा अन्याय आहे.

या ताणात दंगलीची भीतीही आली. 1984 च्याच मे महिन्यात, 1970 नंतर पुन्हा एकदा, भिवंडी दंगलीत होरपळली. 1988 मध्ये पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या; 1992-93 ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. याची नोंद पोलिसांचं यश म्हणून होते. मला त्यात आरोग्याचंही काम दिसतं. भीती बोलून दाखवायला गल्लीतच जागा मिळाली, आणि दखल घेणारा माणूस समोर होता.

मजुरांची तशी जागा म्हणजे बिस्सी, त्यांची खानावळ. जेवण उधारीवर, हिशोब पगाराला. कोण चार दिवस आला नाही, कोण अर्धवट जेवून उठला, हे तिथे आधी कळतं. 2020 च्या टाळेबंदीत माग थांबले, पगार थांबले, हा आधारही तुटला. मे महिन्याच्या सुरुवातीलाच भिवंडी रोड स्थानकावरून गोरखपूरला मजुरांसाठी श्रमिक रेल्वेगाडी सोडावी लागली.

म्हणून पाळी बदलायच्या वेळी आरोग्यसेविका बिस्सीत बसली पाहिजे, रक्तदाब तपासायला आणि झोपेची चौकशी करायला. दवाखाना रात्रीही उघडा हवा. आणि दहा कामगारांच्या अटीमुळे कामगार राज्य विमा योजनेबाहेर राहिलेले लहान कारखाने आत घ्या; आजारपणाच्या दिवसाचे पैसे मिळाल्याशिवाय तापाने फणफणलेला माणूस साचा सोडून दवाखान्याच्या रांगेत येणार नाही.