अंतराळवीरांची लेखणी कोठे आहे?

उज्जयिनी म्हणताच महाकाल आठवतो, वराहमिहिर क्वचितच. सहाव्या शतकातील अवंतीच्या या ज्योतिर्विदाने ‘पंचसिद्धांतिके’त पाच सिद्धांतांचे सार देऊन त्यांतील अधिक बिनचूक कोणता, हेही निर्भीडपणे सांगितले. चंद्रग्रहण राहूमुळे नव्हे, पृथ्वीच्या छायेमुळे होते, हे त्याने ‘बृहत्संहिते’त नोंदविले. त्या पाचांपैकी बहुतेक मूळ ग्रंथ लुप्त झाले. त्याने लिहिले म्हणूनच ते आज कळतात. रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूडच्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ प्रसिद्ध करून हा वारसा मराठीत आणला.

पुढे अग्निबाणांचे युग आले. पुण्याचे वसंत गोवारीकर थुंब्यास घन इंधनाच्या कामात झिजले. ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक असताना १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ ने ‘रोहिणी’ कक्षेत सोडली. २०१५ साली ते निवर्तले. त्या पिढीचे अनुभव मराठीत आम्हांस फार थोडे दिसतात. जे हयात आहेत, त्यांच्या दारी प्रकाशकांनी व विज्ञानसंस्थांनी आजच जावे. उद्या विचारायला कोणी उरणार नाही.