निनावी पाण्याकाठी

गेल्या काही वर्षांत आमच्या जिल्ह्यात नावांविषयी पुष्कळ बोलले गेले. उस्मानाबादचे धाराशिव झाले, पाट्या बदलल्या, लेटरहेडे बदलली. त्या चर्चेत आम्हांस शिरावयाचे नाही. ज्यांच्या नावांसाठी कोणीही कधी मोर्चा काढणार नाही, अशा ओढ्यातल्या किड्यांविषयी आम्हांस लिहावयाचे आहे. मराठीच्या प्राध्यापकांनी किड्यांवर काय लिहावे, असे वाचकांस वाटेल. आम्हांसही तसेच वाटत असे.

पावसाळा सरता सरता आम्ही दोघे तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना घेऊन नळदुर्गला गेलो होतो. बोरी नदीवरचा आदिलशाही बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल पाहून झाल्यावर मुले खाली पात्राकडे उतरली. भोई कुटुंबातल्या, एरवी वर्गात तोंड न उघडणाऱ्या एका विद्यार्थ्याने पाण्यातला दगड उलटा केला. खाली सहा पायांचा, मातकट रंगाचा जीव चिकटून बसला होता. "हे काय?" असे आम्ही विचारले. त्याने एक शब्द उच्चारला आणि पुढे म्हणाला, "शिंगट्याचं खाणं, सर. आजा गळाला लावायचा. पाणी उतरायला लागलं की चालतो." त्यावर आम्ही काय करावे? "हा चतुराचा डिंभ," असे सांगून आम्ही त्याला दुरुस्त केले. मुलगा गप्प झाला. महिन्याभराने आम्ही तो शब्द पुन्हा विचारला, तेव्हा "काही नाही सर, गावाकडचं बोलणं" म्हणून त्याने विषय टाळला. तो शब्द आम्ही लिहून घेतला नव्हता. आज तो आमच्यापाशी नाही.

हा प्रसंग आम्ही विसरलोही असतो. पण पुढे इंग्रजी विभागातल्या मित्राकडून आयझॅक वॉल्टनचे 'द कम्प्लीट अँग्लर' हाती आले. १६५३ साली प्रथम प्रसिद्ध झालेले हे मासेमारीवरचे पुस्तक इंग्रजी गद्याचा नमुना म्हणून आजही वाचले जाते. १६७६ च्या आवृत्तीत चार्ल्स कॉटनने त्यास जोड दिली ती ट्राउट माशाला कृत्रिम माशीने पकडण्याच्या कलेची. ट्राउट थंड, वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातला मासा. त्याचे बरेचसे अन्न म्हणजे पाण्यातले कीटक. त्या दिवशी त्या घटकेला पाण्यातून जो कीटक बाहेर पडत असेल, त्याच्याच रूपाची पिसा-दोऱ्याची प्रतिकृती गळाला बांधावी, तर मासा फसतो. म्हणजे कीटक ओळखणे ही येथे चैन नव्हे, गरज आहे. १४९६ मध्ये छापलेल्या, ज्युलियाना बर्नर्स या जोगिणीच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या प्रबंधातच बारा कृत्रिम माश्यांची कृती आहे. १८३६ मध्ये आल्फ्रेड रोनाल्ड्सने तर मासेमारांच्या बोलीतली नावे आणि शास्त्राची लॅटिन नावे चित्रांसह शेजारी शेजारी मांडली. बोलीला त्याने दुरुस्त केले नाही. शास्त्राच्या पंगतीला बसवले.

या नावांची जात पाहण्यासारखी आहे. इंग्रजीत ज्याला 'मेफ्लाय' म्हणतात, तो कीटक पाण्याखाली महिनोन्महिने वाढतो आणि पंख फुटल्यावर काही तास, फार तर एक-दोन दिवस जगतो. या पंखधारी आयुष्यात तो काही खातही नाही. विशेष म्हणजे पंख फुटल्यानंतर तो पुन्हा एकदा कात टाकतो. कीटकसृष्टीत हे अन्यत्र आढळत नाही. पहिल्या मळकट अवस्थेस मासेमार 'डन' म्हणतात, दुसऱ्या झळझळीत अवस्थेस 'स्पिनर'. एकाच जिवाला दोन नावे, कारण माशाला फसवायचे तर दोन गळ लागतात. नाव कोशात जन्मत नाही. ते हाताच्या कामात जन्मते, हे आम्ही भाषाविज्ञानाच्या तासाला शिकवतो. त्याचा याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही.

आता आपल्याकडे पाहू. बालाघाटाच्या रांगेमुळे आमच्या जिल्ह्याचे पाणी दोन दिशांना वाहते: तेरणा-मांजरा गोदावरीकडे, सीना-बोरी भीमेकडे. यांत ट्राउट नाही. हे पाणी त्याला मानवणारेही नाही. पण शिंगटा आहे, मरळ आहे, वांब आहे आणि त्यांचे खाद्य असलेले असंख्य जलकीटक आहेत. त्यांतल्या किती जणांना आमच्या लेखी मराठीत नाव आहे? चतुर आहे, टाचणी आहे, पाणविंचू आहे, पाणढेकूण आहे. वाळूचे कण आणि काड्या स्वतःच्या रेशमाने जोडून घर बांधणारी 'कॅडिस'ची अळी आम्हांस निनावी. मेफ्लायला 'मे-माशी' म्हणावे, तर मे महिन्यात आमच्या नद्यांत धूळ उडत असते. पाऊस पडल्यावर दिव्याभोवती जमणाऱ्या साऱ्यांना 'पाखरे' म्हणून आम्ही मोकळे होतो. ग्रामीण कथेत नदी येते, काठ येतो, भोईही येतो. त्याच्या हातातल्या गळावर काय लावले आहे, हे क्वचितच येते.

यावर कोणी म्हणेल, मराठीत ही परंपराच नव्हती. हे खरे नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' (शके १०५१, म्हणजे इ.स. ११२९) आम्ही सारेच शिकवतो. पण कशासाठी? त्यातल्या गीतांत मराठीच्या आरंभकाळच्या ओळी सापडतात म्हणून. त्याच ग्रंथात मत्स्यविनोदाचे प्रकरण आहे. माशांचे प्रकार, खवल्यांचे कोणते नि बिनखवल्यांचे कोणते, त्यांना चारावयाचे खाद्य, काठी, दोरी, गळ हे सारे तेथे आहे. वॉल्टनच्या पाचशे वर्षे आधी, आमच्या उमरग्यापासून फार दूर नसलेल्या कल्याणीच्या दरबारात हे लिहिले गेले. आम्ही मात्र दोन ओळी उचलतो आणि तळ्याकडे पाठ फिरवतो.

फरक परंपरेचा नाही, लेखणीचा आहे. इंग्लंडातला तो मासेमार फावल्या वेळी काठावर बसणारा सुशिक्षित गृहस्थ होता. पाणी जाणणारा आणि पुस्तक छापणारा तेथे पुष्कळदा एकच होता. आपल्याकडे पाण्यात उभा राहणारा एका जातीचा आणि लिहिणारा दुसऱ्या जातीचा. सोमेश्वराने लिहिले तेही कोळ्या-भोयांच्या जिवावरच लिहिले असणार. पण लिहिले राजाने. त्या दिवशी नळदुर्गला आमचा विद्यार्थी बोलला आणि आम्ही त्याला संस्कृत शब्दाने गप्प केले, तेव्हा हीच वाटणी आम्ही पुढे चालवली. मारुती चितमपल्लींनी नेमके उलट केले. 'सारंगागार', 'काकागार' असे घडीव शब्द त्यांनी मराठीला दिले, पण त्याआधी आयुष्याची अनेक वर्षे रानातल्या माणसांपुढे विद्यार्थी होऊन ते बसले. २०२५ साली ते गेले. त्यांच्या शब्दांचे आम्ही कौतुक केले. त्यांचे बसणे घेतले नाही.

हे काम प्राणिशास्त्राचे आहे, हा आक्षेप आम्हांस अर्धाच मान्य आहे. कीटकाची जात ठरवणे त्यांचे काम. शब्द वाचवणे आमचे. आणि वेळ फार नाही. धरणांच्या जलाशयांत आता कटला, रोहू, मृगळ यांचे बोटुकले सोडतात आणि जाळ्याने काढतात. तेथे गळाला काय लावावे, हे ज्ञान लागत नाही. आणि जे लागत नाही ते बोलले जात नाही. शिवाय पाणी घाण झाले की मेफ्लाय, कॅडिस यांसारखे नाजूक जीव आधी जातात आणि कमी प्राणवायूत तगणाऱ्या लाल अळ्या उरतात. नदी बिघडल्याची ही पहिली खबर असते. ज्याला नावच नाही, तो नाहीसा झाला हे सांगणार कोण आणि कोणत्या शब्दांत?

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक महाविद्यालयाच्या मराठी विभागाने एक वही ठेवावी. शब्द, बोलणाऱ्याचे गाव, नदी, पाणी चढते की उतरते, तो जीव कोणता मासा खातो, आणि जमल्यास छायाचित्र. शेजारी प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्याने शास्त्रीय नाव लिहावे. नियम एकच: कोणालाही दुरुस्त करावयाचे नाही.

आमच्या वहीचे पहिले पान आम्ही कोरे ठेवले आहे. नळदुर्गच्या त्या शब्दासाठी. तो विद्यार्थी आता महाविद्यालयात नाही. पण त्याचे गाव आम्हांस ठाऊक आहे, आणि यंदा पाणी उतरू लागले की आम्ही तेथे जाणार आहोत. शिकवायला नव्हे.